त्राटिकेचा रिटेक

मला एका जागी बसता येत नाही. जेवताना मी पानावरून दोनदा उठतो. कुणी काही सविस्तर सांगायला लागलं की माझा गुडघा हलायला लागतो आणि सांगणारा बिचारा आवरतं घेतो. मालिकेच्या सेटवर हा गुण समजला जातो. रोज वीस-बावीस मिनिटांचा एपिसोड काढून द्यायचा असतो, तिथे खुर्चीत रेलणारा दिग्दर्शक कुणाला हवाय? आमच्या मोखाड्याकडे मात्र अशा माणसाच्या पायाला भिंगरी लागली म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नोकरीची सुरुवातीची वर्षं गावच्याच शाळेत, पुढची बरीच साखरशेतच्या बाजूला गेली, पण घर खोडाळ्याजवळच्या आमच्या गावातच राहिलं. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. मीही गुरुजी व्हावं अशी त्यांची सरळ योजना होती. त्यांनी मला डी.एड.ला घातलं. मी ते अर्ध्यात सोडलं आणि जव्हारच्या एका फोटो स्टुडिओतर्फे लग्नं शूट करत हिंडायला लागलो. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "निदान फोटो तरी सरळ काढ."

लग्नांतून मी गाण्यांत शिरलो. बाहेरच्यांना कल्पना नसते, पण आमच्या भागात दर लग्नसराईला नवी गाणी लागतात. हळदीला गेल्या साली गाजलेलं गाणं वाजलं तर पाहुणे तोंड वाकडं करतात. वीटभट्ट्यांवर, भिवंडीला, नाशकाला कामाला गेलेली माणसं होळीला घरी येतात. त्याआधी गाणं डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये पोचलं पाहिजे. होळी चुकली की गाणं मेलं. त्यामुळे पटापट उरकायची सवय माझ्या हाताला तेव्हाच लागली. हिरॉइन नाशिकची आणायची. हिरो पैसे घालणारा असतो, त्याला नाच येवो न येवो. अगदीच येत नसला तर मोटारसायकलवर बसवायचा आणि भोवती पोरी नाचवायच्या. दाभोशाचा धबधबा, भाताची खाचरं, जव्हारचा सनसेट पॉइंट, झालं गाणं. सनसेट पॉइंटवर मी इतक्यांदा कॅमेरा लावला की तिथला चहावाला मला बघून विचारायचा, "आज सूर्य किती वेळ ठेवायचा?"

त्यातलं एक गाणं बऱ्यापैकी चाललं. ते बघून मुंबईहून बोलावणं आलं आणि मी एका मालिकेत सहायक म्हणून लागलो. चार-पाच वर्षं क्लॅप, कंटिन्यूइटी आणि कलाकारांचे रुसवे सांभाळले, मग एपिसोड डायरेक्टर झालो. एपिसोड डायरेक्टर म्हणजे काय, तर कथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, चॅनेलचा माणूस फोनवरून चौथंच काहीतरी सांगणार, आणि संध्याकाळी उशीर झाला तर तो मात्र आपल्यामुळे. पण मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? सकाळी सेटवर पाऊल टाकलं की माझ्या अंगातली वळवळ कामी येते. एक शॉट बिघडला की "वन मोअर," तो बिघडला की पुन्हा "वन मोअर." हे दोन शब्द माझ्या तोंडात इतके बसलेत की घरी चपाती हवी असली तरी मी तेच म्हणतो आणि बायको लाटणं दाखवते.

बाबा माझी मालिका न चुकता बघत. कौतुकानं नव्हे, चुका काढायला. रात्री त्यांचा फोन यायचा. "तुझ्या त्या सासूनं दार उघडायला किती वेळ लावला? एवढ्या वेळात माझा वर्ग तेराचा पाढा म्हणून मोकळा व्हायचा." मी म्हणायचो, बाबा, त्याला ताण वाढवणं म्हणतात. ते म्हणायचे, "ताण माझा वाढला."

तर अशा माणसाच्या घरात त्राटिका आहे.

होळीनंतर आमच्याकडे बोहाडा असतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. कागदाच्या लगद्याचे मोठाले, रंगवलेले मुखवटे चढवून माणसं संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत गावाच्या वेशीपासून देवीच्या देवळापर्यंत जातात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. गणपतीचा एकाकडे, मारुतीचा दुसऱ्याकडे. आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या त्राटिका. एरवी शाळेत खडूचा डाग शर्टावर पडू न देणारे आमचे बाबा त्या दिवशी नऊवारी नेसून, पाठीवर सुतळीच्या जटा सोडून, लाल जीभ बाहेर काढलेला मुखवटा चढवून निघायचे. हातात कडुलिंबाचा डहाळा. पोरं किंचाळत पळायची आणि त्यातली निम्मी त्यांच्याच वर्गातली असायची. मी लहानपणी दोघांनाही सारखाच घाबरायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींचा चेहरा बघून मला कालची बरी होती असं वाटायचं.

मुखवट्याला डोळ्यांच्या जागी बारीक भोकं असतात. त्यातून नीट दिसत नाही, म्हणून सोंगाच्या कमरेला शेला बांधून मागून एक जण धरतो, तो वाट दाखवतो. बाबांना धरायला कायम शेजारचा असायचा. माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर शाळेत होता, आता नाशकात गवंडीकाम करतो. कुठेही स्लॅब अर्धा असो, होळीला तो गावात हजर.

आणि या सगळ्याचा एक नियम आहे. सोंग वेशीतून निघालं की पुढेच जातं. दम लागला तर जागेवर नाचावं, लागेल तितकं थांबावं, पण माघारी फिरू नये. देवीकडे पाठ करू नये. सोंग फिरलं तर ते त्या घरावर रागावलं असं धरतात. मान जातो तो जातोच, आणि त्या घराकडे लोक पुढे कितीतरी वर्षं बोट दाखवतात. मारुतीचा मान पूर्वी ज्यांच्याकडे होता त्यांना अजून "मारुती फिरलेले" म्हणतात. ज्यानं फिरवला तो माणूस आता हयातही नाही.

गेल्या वर्षी बाबांचं बायपास झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली, मग नाचणं कुठलं? होळीच्या आधी त्यांचा फोन आला. मालिकेबद्दल एक अक्षर नाही. "या साली तुला नाचायचंय," म्हणाले. मग पुढे म्हणाले, "घरातला माणूस उभा राहिला नाही तर मान जाईल रे. माझ्या हातून नको जायला." बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते हेच. मी हो म्हणालो.

पण नुसतं हो म्हणून गप्प बसलो तर मी कसला. त्याच सुमारास मुंबईतल्या एका म्युझिक कंपनीला गाणं हवं होतं. त्यांना "अस्सल मातीतलं काहीतरी" पाहिजे होतं. हे लोक माती म्हणतात तेव्हा त्यांना फक्त धूळ उडताना दिसायला हवी असते. मी म्हटलं, माती आहे, मुखवटे आहेत, संबळ आहे, आणि खुद्द दिग्दर्शकच मुखवट्यात आहे! त्यांना ते फारच आवडलं. गावच्या पंचांना विचारलं. पंचांतले सगळ्यात थोरले आबा म्हणाले, "काढ की शूटिंग. फक्त मधी नको येऊ." माझा कॅमेरामन अंधेरीचा, कामाला वाघ. माझ्याबरोबर मालिकेवर कितीतरी दिवस काढलेला, माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याला मी प्रत्येक शॉट समजावला. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, लेन्स कुठली. माघारी न फिरण्याचा नियम मात्र त्याला सांगावा असं मला सुचलंच नाही. त्याचा काय संबंध, तो तर कॅमेऱ्यामागे.

आमची त्राटिका उजाडताना निघते. आदल्या संध्याकाळी मी गाडी घेऊन कसाऱ्याहून वर आलो तो फोनवर बोलतच. चॅनेलला एका एपिसोडचा शेवट बदलून हवा होता. सकाळी नऊवारी नेसवत होते तेव्हाही माझ्या हातात फोन होता. शेजाऱ्यानं तो शांतपणे काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. "आता तिला नेसवू दे," म्हणाला. बाबा वेशीजवळच्या घराच्या ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. देवळापर्यंत चालणं त्यांना झेपणार नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या डोक्याला गुंडाळलेलं फडकं चाचपून बघितलं, जरा घट्ट केलं. "घाई करू नको," एवढंच म्हणाले.

मुखवटा चढला आणि मी एकदम आंधळा झालो. वीसेक वर्षं मी मॉनिटरवर बघत आलोय. चौकटीत काय आहे, काय नाही, कोण कुठे बघतंय, सगळं माझ्या नजरेच्या टप्प्यात. आता मला फक्त संबळवाल्याच्या चपला दिसत होत्या, त्याही एका वेळी एकच. आत गोंदाचा आणि जुन्या रंगाचा वास. स्वतःचा श्वास कानात वाजत होता. मला घुसमटल्यासारखं झालं, पळावंसं वाटलं. मग संबळ सुरू झाला, शेजाऱ्यानं मागून शेला ताणला, आणि पाय आपसूक उचलले गेले. ते पाय कुठून आले मला माहीत नाही. बाबांना इतकी वर्षं बघितलं होतं त्यातून आले असतील. पोरं किंचाळली. मी डहाळा फिरवला, ती आणखी किंचाळली. खरं सांगतो, मला त्या वेळी फार मजा आली. निम्मी वाट कशी सरली कळलंही नाही.

आणि मग त्या गलक्यातून, संबळाच्याही वर, ओळखीचा आवाज आला.

"सर! फोकस गेला! वन मोअर!"

मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, आणि असता तरी केला असता की नाही सांगता येत नाही. "वन मोअर" ऐकलं की पहिल्या जागेवर परत जायचं, हे माझ्या अंगाला माहीत होतं. मी गर्रकन वळलो. शेजाऱ्याच्या हातातून शेला सुटला. मी वेशीकडे तोंड करून सात-आठ पावलं चाललोसुद्धा.

संबळ थांबला. पिपाणी एक सूर लांबवून थांबली. पोरांचं किंचाळणंही थांबलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

"फिरला," कुणीतरी बाई हळूच म्हणाली. "सोंग माघारी फिरला."

मग सगळीकडून आवाज. "गुरुजीच्या घरावर कोपली रं ती." "असा कधी झाला नव्हता." "कॅमेरे आणले तवाच सांगितला होता." मी मुखवट्यात उभा. पुढे जावं तर कुठे, मागे जावं तर कसं. भोकांतून मला मातीचा एक तुकडा दिसत होता आणि त्यावर माझीच सावली, जटांसकट. थोरल्या आबांचा आवाज जवळ आला. "काय झाला रं? तुला कोणी हाक मारली?" सोंगानं बोलायचं नसतं, एवढं तरी मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तरी काय बोलणार होतो? अंधेरीच्या माणसाचा फोकस गेला म्हणून मी देवीकडे पाठ केली, असं सांगणार होतो?

बऱ्याच वेळानं त्या मातीच्या तुकड्यात काठीचं टोक आलं, आणि त्यामागून बाबांच्या चपला.

संबळ थांबला ते ऐकून ते ओटीवरून उतरून चालत आले होते. त्यांना धाप लागली होती, मला ऐकू येत होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि शाळेतल्या आवाजात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोपली-बिपली काही नाही. ती मला न्यायला फिरली. इतकी वर्षं मी तिला नाचवली, आणि या साली मला ओटीवर बसवून ती एकटी जाईल होय? चला."

आबा आणि बाबा एकाच वर्गात शिकलेले. आबांनी बाबांकडे किती वेळ बघितलं मला दिसलं नाही, पण वेळ बराच गेला. मग ते म्हणाले, "गुरुजी सांगतंय तर तसाच असंल. वाजव रं."

बाबांनी माझा हात धरला. त्राटिकेचा नव्हे, माझा. मला हळूहळू देवळाकडे वळवलं आणि माझ्याबरोबर चालू लागले. शेजाऱ्यानं मागून शेला पुन्हा पकडला. संबळवाल्यानं बाबांची चाल बघून ठेका उतरवला. इतका संथ बोहाडा आमच्या गावानं कधी बघितला नसेल. पाऊल टाकायचं, थांबायचं, त्यांचा श्वास ऐकायचा, मग पुढचं. मला सवय नव्हती. माझे पाय दर वेळी आधीच उचलले जायचे आणि बाबा हात दाबायचे. "हळू रे," ते मुखवट्याच्या कानाशी पुटपुटत होते, "हळू." मला भीती वाटत होती. मानाची नाही, त्यांची. डॉक्टरांनी जिना नको म्हटलेला माणूस माझ्यापायी अख्खी वाट चालत होता, आणि मी आत घामानं आणि रडण्यानं भिजत होतो. कुणाला दिसत नव्हतं एवढंच बरं होतं.

देवळाशी पोचलो. मुखवटा उतरवला, नारळ फुटला. बाबांना पायरीवर बसवून पाणी दिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते हसत होते. आमच्याकडे रीत अशी की सोंग उतरलं की तिथेच, देवीसमोर, पंच विचारतात, "पुढल्या साली?" आणि घरच्यानं "येतो" म्हणायचं. म्हटलं की मान पुढच्या सालापुरता पक्का.

आबांनी विचारलं, "पुढल्या साली?"

मी तोंड उघडलं. उघडलं आणि माझ्या डोक्यात पुढच्या वर्षीची होळी आली, नवी मालिका तेव्हा सुरू असणार, होळीचा खास भाग असतोच, त्याला सुट्टी कोण देणार. हे सगळं एका श्वासात. एवढासा गॅप. मालिकेत अशा गॅपवर मी तीन क्लोजअप घेतो.

बाबांनी तो गॅप संपू दिला नाही. ते उठले, मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि शेजाऱ्याच्या हातात दिला. "पुढल्या साली हा येतो," आबांना म्हणाले.

शेजारी मुखवटा परत देऊ लागला. "गुरुजी, असा नका करू. घर तुमचा. मान तुमचा."

"ती रागावून गेली नाही," बाबा म्हणाले, "मी दिली. यात फरक आहे. आणि तू धरलीस म्हणून ती इतकी वर्षं चालली." मग आबांकडे वळले, "लिहून-बिहून ठेवायची गरज नाही ना?" आबांनी मान हलवली. शेजाऱ्यानं मुखवटा छातीशी धरला आणि त्याला रडू आवरेना. "येतो," तो म्हणाला.

दुपारी बाबा अंगणात खाटेवर पडले होते. मी शेजारी बसलो. बसलो म्हणजे उठत-बसत होतो. फोन परत मिळाला होता आणि तो थरथरत होता. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला राग आला ना माझा?"

"राग कसला? तुला कुणी हाक मारली की तू फिरणार. तुझा धंदाच तो आहे, चांगला धंदा आहे. पण तिला असला माणूस चालत नाही."

"मी आलो असतो पुढच्या साली."

त्यांनी पायावरची माशी हाकलली.

"आणि ती तुम्हाला न्यायला फिरली, ते? तुम्हाला खरंच तसं वाटलं?"

बाबा डोळे मिटून होते. "मास्तर सांगतो ते खरंच असतं," म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी संध्याकाळी निघालो. खोडाळ्याच्या बाजारातून गाडी काढताना मला एकदम हलकं वाटलं. पुढच्या होळीची काळजी नाही, सुट्टीची भांडणं नाहीत. आधी ते सुख अंगभर पसरलं आणि मग त्याचं मला इतकं वाईट वाटलं की विहीगावच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. देवीसमोर बाबांनी मला उत्तर देऊ दिलं असतं, तर मी "येतो" म्हणालो असतो. लोकांसमोर दुसरं काय म्हणणार? आणि ते खोटं ठरलं असतं, हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. वर्गात खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारा माणूस तो. त्या सकाळी आमच्या घरातल्या कुणाला तरी देवीच्या नावानं खोटं बोलावंच लागणार होतं, आणि ते "मला न्यायला फिरली" म्हणत त्यांनी स्वतःवर घेतलं, माझ्यावर येऊ दिलं नाही.